मोहलत द्यावी, पण लिहून द्यावी

रमजान निम्मा सरला की घरोघरी हिशेबाच्या वह्या उघडतात. जकात किती निघते, फितरा किती जणांचा द्यायचा, मुलांच्या ईदच्या कपड्यांना किती लागतील, याची बेरीज सुरू होते. पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावसारख्या वस्तीत या वहीत आणखी एक आकडा असतो. तो म्हणजे थकलेले भाडे. घरमालकाच्या वहीत तो येणे म्हणून असतो, भाडेकरूच्या वहीत देणे म्हणून. दोघेही एकाच इमारतीत राहतात, एकाच जिन्याने चढतात-उतरतात आणि अनेकदा इफ्तारीची ताटलीही एकमेकांकडे पाठवतात. पण त्या आकड्याविषयी मात्र दोघेही गप्प असतात.

थेरगावचे घरमालक म्हणजे काही फार मोठे मालमत्तादार नव्हेत. पवनेकाठचे हे गाव. आजूबाजूला कारखाने आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, पुढे हिंजवडीत आयटीच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि शेतांच्या जागी घरे आली. कुणी वडिलोपार्जित जमिनीवर चार खोल्या बांधल्या. कुणी कंपनीतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून गुंठा-दीड गुंठा घेऊन एकेक मजला चढवला. वर स्वतः राहायचे आणि खालच्या खोल्या भाड्याने द्यायच्या, असा हा संसार. अशा घरात भाडे ही वरकमाई नसते. कुणाच्या कर्जाचा हप्ता त्यातून जातो, कुणाची औषधे त्यातून येतात. नवऱ्याच्या मागे एकट्या राहिलेल्या एखाद्या बाईची तर तीच पेन्शन असते.

भाडेकरूंची गोष्टही वेगळी नाही. लातूर, नांदेड, बीड, धाराशिवपासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे इथे एका खोलीत संसार थाटतात. डांगे चौकातून वाकड-हिंजवडीकडे जाता येते, चिंचवडकडे येता येते आणि कंपनीच्या बसने भोसरी-चाकण गाठता येते, म्हणून ही जागा सोयीची. पण यातल्या अनेकांची नोकरी ठेकेदाराकडची असते. सहा-सात महिने काम झाले की ‘ब्रेक’ मिळतो. काम थांबले की पहिल्यांदा थकते ते भाडे. किराणावाला उधारी बंद करतो, शाळेची फी टाळता येत नाही, गॅस संपला तर चूल पेटत नाही. घरमालक मात्र ओळखीचा असतो, भला माणूस असतो. त्यामुळे सगळ्यांत आधी त्यालाच थांबायला सांगितले जाते.

पहिल्या महिन्यात “भाऊ, दहा तारखेला देतो” असे होते. दुसऱ्या महिन्यात “चाचा, पगार अडकलाय” असे होते. तिसऱ्या महिन्यात भाडेकरू जिन्यावर समोर येणे टाळू लागतो आणि घरमालकाला विचारायची भीड वाटू लागते. चौथ्या महिन्यात घरमालकाच्या घरात कुरबुर सुरू होते. पाचव्या महिन्यात एक दिवस खालच्या खोलीची लाईट जाते किंवा पाण्याचा कॉक बंद होतो. त्यात रमजान असेल आणि भाडेकरूच्या मुलांच्या अंगावर ईदचे नवे कपडे दिसले, तर राग आणखी वाढतो. कपड्यांना पैसे आहेत आणि भाड्याला नाहीत, असा हिशेब मनात मांडला जातो. त्या कपड्यांचे पैसे मामाने दिले की कुणाच्या जकातीतून आले, हे कुणी विचारत नाही. चार महिन्यांच्या गप्प राहण्यातून वैर तयार होते. भाडे थकते ते परिस्थितीमुळे, नाते तुटते ते मात्र बहुधा वेळीच न बोलल्यामुळे.

अशा वेळी धार्मिक माणसासमोर दोन वाटा असल्यासारखे वाटते. एक म्हणजे रमजानचा महिना आहे, सोडून द्यावे. दुसरी म्हणजे हक्काचा पैसा आहे, कुलूप लावून बाहेर काढावे. पवित्र कुरआनने दाखवलेली वाट या दोन्हींहून वेगळी आहे आणि ती व्यवहारालाही धरून आहे. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीत असलेल्या देणेकऱ्याला हाताशी पैसा येईपर्यंत मोहलत द्यावी असा आदेश आहे, आणि देणे माफच केले तर ते अधिक चांगले असेही सांगितले आहे. ही आयत अनेकांना पाठ असते. पण तिच्यानंतर लगेच, २८२ वी आयत येते. ती संपूर्ण कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचा करार लिहून ठेवणे. ठरावीक मुदतीचे देणे असेल तर ते लिहून काढा, लिहिणारा निःपक्षपाती असावा, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाईने ती सांगते.

या दोन आयतींमध्ये जी एक आयत आहे, ती अल्लाहकडे परत जाण्याच्या दिवसाचे भय बाळगायला सांगते. म्हणजे मोहलत, जबाबदारीची जाणीव आणि लेखी करार हे तिन्ही एकापाठोपाठ आले आहेत. दया दाखवायची असेल तर कागद कशाला, असे म्हणणाऱ्याने २८० वाचून पुस्तक मिटलेले असते. कागद आहे तर दया कशाला, असे म्हणणाऱ्याने थेट २८२ पासून वाचायला सुरुवात केलेली असते.

मोहलत आणि माफी यांतला फरक २०२० साली साऱ्या महाराष्ट्राने अनुभवला. टाळेबंदी लागल्यावर २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला. भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये आणि कामगार, विद्यार्थी यांना घर सोडायला भाग पाडू नये, असे त्यात होते. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली. त्यानंतर आठवड्याभराने रमजान सुरू झाला. कारखाने बंद होते, मशिदी बंद होत्या, ईदची नमाजही घरातच झाली. त्या दिवसांत अनेक ठिकाणी भाडे थांबले. पण सरकारी सूचना भाडे पुढे ढकलण्याची होती. पुढे ते किती हप्त्यांत आणि कधीपासून फेडायचे, हे घरमालक आणि भाडेकरूने बसूनच ठरवायचे होते. जिथे असे बसणे झाले नाही, तिथे एकाने मोहलत दिली आणि दुसऱ्याने ती माफी समजली, असे होण्याला वाव राहिला.

त्याच काळात, २१ मे २०२० रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या भाड्याच्या प्रकरणात निकाल दिला. टाळेबंदीमुळे भाडे देण्याची जबाबदारी संपत नाही, मात्र भरण्याच्या तारखांत सवलत देता येते, असा त्याचा सारांश होता. न्यायालयाच्या भाषेत सांगितलेली ही मोहलतच होती.

राज्याचा कायदाही याच धर्तीवर चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम १५ सांगते की, जो भाडेकरू भाडे देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याला घरमालकाने काढू नये. भाडे थकले तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. दावा झाल्यावर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित देत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर त्याला थकबाकीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. अडचणीतल्या माणसाला दोनदा तीन-तीन महिने सावरायला देणारी ही रचना आहे. पण यातले प्रत्येक पाऊल कागदावर आहे. नोटीस लेखी, तारीख लेखी, भरणा लेखी.

थेरगावात बहुतेक घरे मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. त्याचे नियम थोडे वेगळे आहेत. राहण्यासाठी दिलेल्या जागेची कराराची मुदत संपली आणि माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर जागा सोडण्याचा आदेश निघू शकतो. हा मार्ग घरमालकाच्या सोयीचा आहे. पण त्यासाठी हातात लेखी करार असावा लागतो. इथेच थेरगावच्या गल्ल्यांमधले बहुतेक घरमालक अडकतात.

“अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही,” असे सर्रास म्हटले जाते. महाराष्ट्रात ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्याने दोन-तीन हजार रुपये वाचवायला करार टाळला, तो भांडण झाल्यावर मोकळ्या हाताने उभा राहतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, आणि काम घरबसल्या ऑनलाइन होते. एका महिन्याच्या थकलेल्या भाड्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

लाईट किंवा पाणी तोडण्याची वाट मात्र दोन्ही प्रकारच्या घरमालकांना बंद आहे. चाळीत बहुधा मीटर मालकाच्या नावावर आणि आत सबमीटर असतो, म्हणून मेन स्विचला हात घालणे सोपे वाटते. कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांसारखी आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. भाडेकरू न्यायालयात जाऊन ती पुन्हा सुरू करून घेऊ शकतो. सामान बाहेर टाकून कुलूप ठोकले, तर विशिष्ट साहाय्य कायदा १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि तिथे मूळ मालक कोण हा प्रश्नच पाहिला जात नाही. रोज्याच्या दिवसात सहरीच्या वेळी एखाद्या घरातले पाणी बंद करणे ही गोष्ट कायद्याच्याही आधी माणुसकीत बसत नाही. त्यातून भाडे येत नाही, उलट ज्याचे येणे होते तोच आरोपी होऊन बसतो.

पोलीस चौकीत जाऊनही भाडे मिळत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकाचे कर्तव्य आहे आणि ते करायलाच हवे. पण थकलेले भाडे हा दिवाणी विषय आहे. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, भाडे न देणे हा भारतीय दंड विधानाखालचा गुन्हा होत नाही, त्याचे परिणाम दिवाणी कायद्याने भोगावे लागतात. म्हणून चौकीत ओळख काढून दम देण्याने काही दिवस भीती पसरेल, वसुली होणार नाही.

मग करायचे काय? सर्वांत आधी, न देऊ शकणारा आणि न देणारा यांत फरक करायचा. ही दोन माणसे बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळायला एकदा समोर बसावे लागते. काम कधी सुटले, ठेकेदाराकडे किती पगार अडकला आहे, घरात कमावणारे किती, नवीन काम केव्हा लागेल, हे सरळ विचारावे. न देऊ शकणारा माणूस आकडे सांगतो, हातात असेल ते थोडे का होईना ठेवतो. न देणारा माणूस दर वेळी नवी तारीख सांगतो. ऐपत असून देणे टाळणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा जुलूम सोसत राहणे म्हणजे पुण्य नव्हे. अशा माणसाला नोटीस देण्यात रमजान आड येत नाही.

जो खरोखर अडला आहे, त्याच्याशी हिशेब मांडावा. समजा भाडे ७,००० रुपये आहे, डिपॉझिट २०,००० आहे आणि चार महिने थकले आहेत. थकबाकी २८,००० झाली. काम लागल्यापासून दर महिन्याला भाड्याबरोबर २,००० रुपये जादा द्यायचे ठरले, तर चौदा महिन्यांत ती फिटते. काम लागण्याची आशाच नसेल, तर डिपॉझिट वळते करून ८,००० उरतात. लहान खोलीत किंवा गावी जाताना ते महिना हजाराने फेडायचे ठरवता येते. जे ठरेल ते एका कागदावर लिहावे. थकबाकी किती, कोणत्या महिन्यांची, हप्ता किती, पहिली तारीख कोणती आणि दोन हप्ते चुकले तर काय. आयतीत सांगितल्याप्रमाणे मजकूर देणेकऱ्यानेच सांगावा, म्हणजे नंतर “मला काय लिहिले ते कळलेच नाही” असे होत नाही. दोन शेजारी साक्षीला असावेत. असा सहीचा कागद कायद्यातही कामाचा आहे. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांत करावा लागतो, आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने सही करून देणे मान्य केले तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी. पावती देणे हेही घरमालकावर कायद्याने बंधन आहे, उपकार नव्हे.

बोलणे जमत नसेल तर तिसरा माणूस घ्यावा. मोहल्ल्यातला जाणता माणूस, सोसायटीचा सचिव, कुणीही दोघांच्या विश्वासाचा. तेही होत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच तडजोडीसाठी जाता येते. तिथे महिलांना, औद्योगिक कामगारांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मोफत कायदेशीर मदत मिळते. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही आणि तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. एकट्या बाईचे भाडे थकले असेल, तर वकिलाच्या फीच्या भीतीने तिने घरी बसण्याचे कारण नाही.

रमजानात आणखी एक प्रश्न हमखास येतो. थकलेले भाडे सोडून दिले तर ते जकातीत धरता येईल का? सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ वाटेकरी सांगितले आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. तरी बहुसंख्य उलेमांचे मत असे की, नुसते येणे माफ करून त्याला जकात म्हणता येत नाही, कारण जकात गरजूच्या हातात पडावी लागते. भाडेकरू जकातीला पात्र असेल तर त्याला जकातीची रक्कम कोणतीही अट न घालता द्यावी. ती हातात आल्यावर त्याने स्वतःहून भाडे चुकते केले तर ते भाडे फिटले. त्याने त्यातून मुलांचे कपडे घेतले तर तोही त्याचा हक्क. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. जे भाडे तसेही बुडणार होते, ते जकातीच्या नावावर टाकून स्वतःचा भार हलका करून घेतला, तर गरिबापर्यंत एक रुपयाही पोहोचत नाही. मोहलत आणि सदका यांना मात्र धर्माचीही अट नाही. खालच्या खोलीत राहणारा जालन्याचा असो की छपऱ्याचा, अडलेला माणूस तो अडलेलाच.

भाडेकरूवरची जबाबदारीही तेवढीच आहे. एका माणसाच्या जनाजाच्या वेळी त्याच्यावर कर्ज आहे असे कळल्यावर प्रेषितांनी स्वतः नमाज पढवायचे थांबवले आणि हजरत अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच नमाज पढवली, असे हदीसमध्ये आहे. भाडे थकणे हा गुन्हा नाही, पण रात्रीतून खोली रिकामी करून निघून जाणे, फोन बंद ठेवणे, डिपॉझिट आहेच म्हणून शेवटचे तीन महिने न देणे, हे देणे बुडवणेच आहे. काम सुटले त्याच आठवड्यात घरमालकाला सांगितले, तर तो मोहलत देऊ शकतो. चार महिन्यांनी सांगितले तर त्याच्याही हातात काही उरत नाही, कारण तोवर त्याचाही हप्ता थकलेला असतो.

तेव्हा ईदच्या आधी, एखाद्या रात्री तरावीह झाल्यावर, घरमालकाने आणि भाडेकरूने अर्धा तास समोरासमोर बसावे. जेवढे माफ करता येईल तेवढे माफ करावे, उरलेल्याला मोहलत द्यावी, आणि जे ठरले ते लिहून दोघांनी सही करावी. एक प्रत वरच्या घरात राहील, एक खालच्या खोलीत. मग ईदच्या सकाळी जिन्यावर दोघे भेटले तर कुणाला नजर चुकवावी लागणार नाही.